व्हीलचेअर, कुबड्या किंवा पांढरी काठी घेऊन गोवा फिरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर फोंड्याला. धाकटा भाऊ माडावरून पडला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे आणि त्याच्याबरोबर मी निम्म्याहून जास्त गोवा पालथा घातला आहे. कोल्हापूर, सांगली, पुण्याहून कुलदेवतेला येणारे नातेवाईक फोन करतात. मग त्यांचे शेजारी करतात, मग शेजाऱ्यांच्या ओळखीचे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

व्हीलचेअरवर बसून गोवा खरंच फिरता येतो का?

येतो. पण निघण्याआधी फोनवर थोडा चिकटपणा करावा लागतो. "तुमच्याकडे सोय आहे का?" असं विचारलंत की समोरून उत्तर येतं, "आहे हो, या तुम्ही." माणूस खोटं बोलत नसतो. चार पोरं मिळून खुर्ची उचलतील ही त्याच्या मनातली सोय असते. एकदा किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही "रॅम्प आहे ना?" असं तीनदा विचारून खोली घेतली. पोहोचल्यावर दिसलं की तो मागच्या दाराचा, गॅसचे सिलिंडर ढकलण्याचा उतार होता. भावाला त्यावरून वर चढवताना खुर्ची मागे कलंडली आणि दोघा वेटरांनी धरली म्हणून तो वाचला.

तेव्हापासून आम्ही सोय विचारत नाही, माप विचारतो. दारापर्यंत पायऱ्या किती? बाथरूमचं दार किती इंच? पलंग जमिनीपासून किती उंच? न्हाणीला उंबरा आहे का? आणि फोटो मागतो, तोही टेप धरून काढलेला. उताराचा हिशोब सोपा आहे : एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट. समोरचा म्हणाला, "दोन पायऱ्यांवर फळी टाकू," तर फळी किती लांब, तेही विचारा. कोकणीत एक वाक्य पाठ करून या, फार उपयोगी पडतं : "पांवडे कितले आसात?" म्हणजे पायऱ्या किती आहेत.

विमानाने येताना मोपा बरं की दाबोळी?

कुठे राहणार त्यावर ठरवा. पेडणे, म्हापसा, कळंगुट या बाजूला उतरणार असाल तर मोपा. मडगाव, कोलवा, काणकोणला जायचं तर दाबोळी. पणजीला दोन्हीकडून तीस-पस्तीस किलोमीटरच आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. इमारत नवी आणि ऐसपैस आहे, त्यामुळे आत खुर्ची सहज फिरते. दाबोळी हा नौदलाच्या तळावरचा जुना विमानतळ. तिथे गर्दीच्या वेळी हाताशी थोडा वेळ जास्त ठेवा.

एअरलाइनला काय सांगायचं?

नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणू नका. त्यांच्याकडे तीन वेगळ्या खुणा असतात. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, तर डब्ल्यूसीएचआर. थोडं चालता येतं पण पायऱ्या नाहीत, तर डब्ल्यूसीएचएस. आसनापर्यंत बसूनच न्यावं लागतं, तर डब्ल्यूसीएचसी. चुकीची खूण पडली की विमानाच्या जिन्यापाशी नुसती साधी खुर्ची येते आणि आसनांमधल्या वाटेतून नेणारी अरुंद आइल चेअर शोधण्यात अर्धा तास जातो. ही मदत किमान ४८ तास आधी नोंदवा. दिव्यांग प्रवाशाला तिचे पैसे पडत नाहीत.

स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची असेल तर चेक-इनलाच सांगा. उशी आणि सुटे होणारे पायठेवे काढून हातात घ्या, नाहीतर ते हरवतात. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर लिहिलेल्या पट्टीचा फोटो आधीच पाठवून ठेवा. हे काम काउंटरवर जाऊन करायचं नाही.

रेल्वेने येणं जमतं का?

जमतं, आणि मुंबईहून आम्हाला रेल्वेच बरी वाटते. बाहेर बघत बसता येतं. कोकण रेल्वेवर गोव्यात थिवी, करमळी, मडगाव ही मुख्य स्थानकं. म्हापसा-कळंगुटला थिवी जवळ, पणजी आणि जुन्या गोव्याला करमळी. तरीसुद्धा खुर्ची असेल तर मी मडगावच सुचवते. बाकी ठिकाणी गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात माणूस, खुर्ची, सामान उतरवताना जीव वर-खाली होतो. मडगावला गाडी जास्त वेळ थांबते, काही तिथेच संपतात. हमालही मिळतात.

दिव्यांगांसाठीचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला, गार्डच्या डब्याला लागून असतो. त्याचं दार आणि शौचालय रुंद असतं. पण लक्षात ठेवा, फलाट उंच असला तरी डब्याची जमीन त्याहून साधारण दीड फूट वर असते. ती दीड फूट कशी पार करणार हे घरीच ठरवून निघा. भाऊ आधी दाराच्या पायरीवर बसतो आणि हातांच्या जोरावर मागे सरकत आत जातो. खुर्ची मागून चढते. स्थानकावर व्हीलचेअर किंवा माहिती हवी असल्यास १३९ वर फोन करा.

मुंबई–मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून धावते. तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा आहे.

रेल्वेची सवलत किती?

पूर्ण अंध, बौद्धिक दिव्यांग आणि सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग प्रवासी यांना साधारण गाड्यांत सेकंड क्लास, स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, तर फर्स्ट एसी आणि टू एसीला ५० टक्के सवलत असते. सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं स्वतःचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवा. ते झालं की ऑनलाइन तिकीटही निघतं.

टॅक्सी कशी बघायची?

गोव्यात मुंबई-पुण्यासारख्या ओला-उबर चालत नाहीत. विमानतळावर प्रीपेड काउंटर आहे, गोवामाइल्स हे अ‍ॅप आहे, आणि गावागावांतल्या टॅक्सी स्टँडवरचे पिवळ्या-काळ्या गाड्यांचे टॅक्सीवाले आहेत. उताराची, खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी स्टँडवर सहसा उभी नसते. म्हणून साध्या गाडीत नीट बसता येईल एवढं बघा.

गाडी ठरवताना दोन गोष्टी विचारा. पहिली, डिकीत सीएनजीची टाकी आहे का? असेल तर घडीची खुर्चीसुद्धा आत जात नाही आणि मग ती मागच्या सीटवर तुमच्या मांडीला टेकून प्रवास करते. दुसरी, सीट किती उंच? इनोव्हा प्रशस्त म्हणून लोक ती मागवतात, पण खुर्चीवरून सरकून बसणाऱ्याला ती उंच पडते. वॅगन-आरसारख्या गाडीची सीट खुर्चीच्या बरोबरीची असते, तिथे सरकपट्टी टाकली की भाऊ एकटा बसतो. त्याच्यासारख्या माणसाला "एकटा" या शब्दाचं मोल किती, ते त्या वेळी त्याच्या तोंडावर दिसतं.

एकाच टॅक्सीवाल्याला सगळे दिवस ठरवलंत तर फार बरं. दुसऱ्या दिवसापासून त्याला खुर्ची उघडायला-मिटायला शिकवावं लागत नाही. भाडं आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. खुर्ची आहे म्हणून कोणी जादा मागत असेल तर शांतपणे नाही म्हणा.

कदंब बसने फिरता येईल?

पायऱ्या चढता येत असतील तर हो. कदंब परिवहन महामंडळ १९८० पासूनचं आहे आणि त्याच्या बस राज्यभर जातात. जुन्या बसची पहिली पायरी जवळपास गुडघ्याइतकी उंच आणि वर आणखी दोन. कुबड्या घेऊन चढणाऱ्याने ड्रायव्हरला आधी दिसेल असं उभं राहावं, म्हणजे तो बस कडेला नीट लावतो. अंतर कमी राहतं. अलीकडे इलेक्ट्रिक बसही बऱ्याच आल्या आहेत. त्यांचं चढणं जुन्यांपेक्षा सुखाचं, तरी कुठल्या मार्गावर कुठली बस येईल ते स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारून मगच बेत करा.

खासगी मिनी बस दिसेल तिथे थांबतात खऱ्या, पण दार अरुंद आणि कंडक्टरला घाई. दोन्ही पाय आत पडायच्या आधी शिट्टी वाजते. संथ चालणाऱ्याला त्या मी सुचवणार नाही.

शटल मात्र छान आहे. पणजी–मडगाव, पणजी–वास्को, पणजी–म्हापसा अशा थेट बसचं तिकीट स्टँडवरच खिडकीत काढायचं, रांगेत बसायचं, मध्ये थांबा नाही.

दिसत नाही अशा प्रवाशाने एकट्याने यावं का?

यावं. शटल तर जणू तुमच्यासाठीच आहे. मध्ये कुठे थांबतच नाही, म्हणजे आपला थांबा निघून गेला का, ही धास्ती नाही. कंडक्टरच्या हाकांना कान तयार ठेवा : पणजीला तो "पणजे" म्हणेल, म्हापशाला "म्हापशें". वाटेत कोणी सांगेल, "सकयल पांवडो आसा", तर खाली पायरी आहे असं समजा. "वयर" म्हणजे वर आणि "दावें" म्हणजे डावीकडे.

पणजीच्या पदपथांवर जपून चाला. पिवळ्या खडबडीत फरशांची पट्टी काही ठिकाणी आहे, पण ती मध्येच झाडाला किंवा विजेच्या खांबाला जाऊन भिडते. पाटो भागात, बस स्टँडच्या जवळच, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे ब्रेल विभाग आहे. दुपारचं ऊन टाळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

ऐकू येत नसेल तर?

जायच्या ठिकाणाचं नाव देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत मोठ्या अक्षरात लिहून फोनवर ठेवा. टॅक्सीवाले "फोन करा, येतो" म्हणतात, त्यांना पहिल्याच भेटीत "फक्त मेसेज" हे लिहून दाखवा. स्थानकात आणि विमानतळावर फलाट किंवा गेट बदलल्याची घोषणा आधी तोंडी होते, पाटीवर नंतर उमटते. शेजारच्या प्रवाशाला आधी सांगून ठेवलेलं बरं.

फेरीबोटीत व्हीलचेअर जाते का?

हा माझा आवडीचा प्रश्न, कारण उत्तर बहुतेकांना चकित करतं : गोव्यातलं सर्वांत सोपं सार्वजनिक वाहन फेरीबोट आहे. पायरी एकही नाही. बोटीचं तोंड म्हणजे लोखंडी पाट, तो धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि माणसं, स्कूटर, गाड्या सगळं त्यावरून सपाट आत जातं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पणजी–बेती, जुने गोवे–दिवाडी, रायबंदर–चोडण हे पाहुण्यांच्या सोयीचे मार्ग. रायबंदर–चोडणला २०२५ पासून मोठी रो-रो बोटही चालते.

सगळी मेख भरती-ओहोटीत आहे. भरतीला पाणी वर असतं, बोट धक्क्याच्या वरच्या टोकाशी लागते आणि उतार दोन-चार पावलांचा उरतो. ओहोटीला तीच बोट खाली जाते, आणि मधला सगळा उतार उघडा पडतो : लांब, ओला, शेवाळलेला. भाऊ एकदा दिवाडीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी उतरत होता. चाकाची कडी त्याच्या ओल्या तळव्यातून सुटली आणि खुर्ची आपोआप पाण्याकडे निघाली. बोटीवरचा खलाशी पाटावरून धावत आला आणि त्याने पायठेव्यालाच पाय लावून ती अडवली. त्या दिवसापासून उतरताना खुर्ची नेहमी पाठमोरी, आणि मागे एक माणूस.

वेळेचा हिशोब आमच्याकडची जुनी माणसं तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक मोठा, अष्टमीच्या सुमारास कमी, त्याला भांग म्हणतात. खुर्ची घेऊन पहिल्यांदाच जाणार असाल तर भांगाचे दिवस निवडा.

बोट लागली की स्कूटरवाले एकदम सुटतात. त्यांना जाऊ द्या, मग हला. आत कठड्याजवळ खुर्ची लावून दोन्ही ब्रेक घट्ट करा.

मंगेशी, शांतादुर्गेला खुर्ची आत नेता येते का?

हा खरं तर आमच्या मराठी पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो. देवळांना पायऱ्या आहेत, उंबरे आहेत, आणि चाकं म्हणजे चपला असं मानणारे लोकही आहेत. आधी देवस्थान समितीच्या कार्यालयात फोन करा, महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानच्या मानकरी सभासदांपैकी, कोणाशी बोलणं झालं तर आणखी बरं. पायऱ्या चुकवून जाणारी सेवेकऱ्यांची बाजूची वाट पुष्कळ देवळांना असते, ती विचारा. आम्ही ओलं फडकं आणि पाण्याची बाटली सोबत ठेवतो. प्राकारात, म्हणजे देवळाच्या आवारात, शिरण्याआधी पुजाऱ्यांसमोरच चारही चाकं पुसतो. आजवर कोणी अडवलं नाही. एका म्हाताऱ्या भटजींनी तर स्वतः फडकं घेऊन पुढची दोन चाकं पुसली. भाऊ त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ देवासमोर होता.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही. पायांना संवेदना नसेल तर दुपारी प्राकारातल्या तापलेल्या फरशीवर पाय टेकू नका. चटका कळत नाही, रात्री फोड दिसतो आणि तो बरा व्हायला महिने जातात. जाड मोजे घाला, सकाळी लवकर जा.

अग्रशाळेत, म्हणजे देवस्थानच्या यात्रीनिवासात, उतरणार असाल तर तळमजल्याची खोली आणि कमोड, दोन्ही आधी पक्कं करा.

जुने गोवे आणि पणजीत काय बघता येईल?

जुने गोवे नक्की करा. बाँ जेझूस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. अंतर थोडं, जमीन बरीचशी सपाट. दारापाशी पायऱ्या लागतात, तिथे मदत घ्यावी लागते, पण एकदा आत गेलं की निवांत फिरता येतं. १९८६ पासून या दोन्ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

पणजीत कांपालचा नदीकाठ आणि कला अकादमीचा परिसर खुर्चीला सोयीचा. चर्चचा नागमोडी जिना खालूनच बघा, सुंदर दिसतो तो खालूनच. फोंतेइन्यश या जुन्या वस्तीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि वाटेत गाड्या लावलेल्या असतात. रविवारी सकाळी गेलात तर रस्त्याच्या मधून खुर्ची नेता येते.

समुद्राच्या पाण्यापर्यंत पोहोचता येतं का?

अडचण पाण्याची नसते. रस्ता आणि ओली वाळू यांच्यामधला कोरड्या वाळूचा पट्टा आडवा येतो, कारण त्यात पुढची छोटी चाकं रुततात. खुर्ची उलटी फिरवा, थोडी मागे कलवा आणि मोठ्या चाकांवर ओढत न्या. ओहोटीला कोलवा, बाणावलीसारख्या पसरट किनाऱ्यांवर ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते, तिथे भाऊ स्वतःच्या हाताने लांबवर जातो. म्हणजे फेरीला भरती हवी आणि किनाऱ्याला ओहोटी. जीवरक्षकांना आधी सांगा, लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरू नका. परतल्यावर खुर्चीचे बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन तेल द्या, खार लागला की आठवड्यात करकर सुरू होते.

पावसाळ्यात यावं का?

कुबड्या असतील तर नको. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कुबडीचं रबर त्यावर सटकतं. यायचंच असेल तर नवी रबरी बुचं लावून या, दोन जादा आणा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं असतं.

बाहेर फिरताना शौचालयाचं काय?

दोन्ही विमानतळ आणि मोठी हॉटेलं इथे रुंद दाराचं शौचालय मिळतं. इतरत्र दार बहुधा दोन फुटांचं. पायठेवे काढले की खुर्ची थोडी आखूड होते, पण अरुंद होत नाही, म्हणून आपल्या खुर्चीची रुंदी मोजून ठेवा. घडीची कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात भाड्याने विचारा, पणजी, मडगाव, म्हापशात अशी दुकानं आहेत.

लोक मदत करतात का?

करतात, मागायच्या आधी करतात. अडचणही तीच. न विचारता मागून खुर्ची धरली की बसलेल्याचा तोल जातो. स्पष्ट सांगा : "थांबा, मी सांगतो तिथे धरा." हात हँडलला किंवा चौकटीला लावायचा, सुट्या हातठेव्याला नाही. तो निखळून हातात येतो. लोक रागवत नाहीत. भाऊ म्हणतो, उचलणारे हात गोव्यात खूप आहेत, मला उतार दे. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा जागोजागी उतार घातले होते. भाऊ तीन दिवस कोणालाही हाक न मारता फिरला. मनात आणलं तर होतं, एवढं तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

अडवलं, नाकारलं तर तक्रार कुठे?

राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत. तक्रारीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि फोटो द्या. पायरीची उंची टेप लावून दाखवा. "फार त्रास झाला" असं लिहिलेला कागद फायलीत पडून राहतो, "पायरी चौदा इंच" लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

खुर्ची बिघडली किंवा तब्येत बिघडली तर?

तब्येतीसाठी १०८. मोठं सरकारी इस्पितळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेज. खुर्ची पंक्चर झाली तर कुठलाही सायकलवाला काढून देतो, पण ट्यूब आपल्या मापाची सोबत आणा. सायकलची २४ इंची ट्यूब खुर्चीच्या २४ इंची चाकाला बसेलच असं नाही.